अनुभव धागा: हसू न आणणारे विनोदी सिनेमे आणि जुन्या अंतराळ मालिका

कुळागर
दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो, सगळे दमलेले, म्हणून दिरांनी टीव्हीवर नवा हिंदी विनोदी सिनेमा लावला. चार मोठे नट, परदेशातले बंगले, नुसती पळापळ आणि आरडाओरडा. पाऊण तासात पुरुषमंडळी आडवी झाली, जावा नेवऱ्यांचे डबे भरायला उठल्या. सासूबाई तेवढ्या नेटाने बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे लोक भांडतायत कशावरून?"

मग पुतण्याने 'स्टार ट्रेक' ही जुनी अमेरिकन अंतराळ मालिका लावली. 1967 मधला ट्रिबल्सचा भाग. धान्याच्या कोठाराचं झाकण उघडतं आणि कॅप्टन कर्क त्या केसाळ गोळ्यांत छातीपर्यंत बुडतो. तो हसत नाही, त्याला धान्याची काळजी पडलेली असते. आणि वरून एकेक गोळा त्याच्या डोक्यावर पडतच राहतो. चित्रीकरणाच्या वेळी वर बसलेली माणसं ते फेकत होती म्हणे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तरी पदराने डोळे पुसत हसल्या.

मला दूरदर्शनवरचे रविवार आठवले. 1980 च्या दशकात हीच मालिका आपल्याकडे लागायची. आम्हा भावंडांना त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण जागचं कोणी हलायचं नाही. आता मोठेपणी वाचलं तर कळलं, त्यांच्याकडे पैसा किती कमी होता. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं इथे विरघळून तिथे उमटायची युक्ती काढली. आपोआप सरकणारी दारं मागे उभी राहिलेली माणसं हाताने ओढायची. डॉक्टर मॅककॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे चक्क मिठाच्या डब्या! पण तो नट ती अशी धरायचा की आपल्याला शंकासुद्धा यायची नाही.

माझं मत सांगते. विनोद असो की अंतराळ, नटाने ते खरं मानलं पाहिजे. हल्लीच्या विनोदी सिनेमांत नट आपल्या आधी स्वतःच हसून घेतो, मग आपल्यासाठी काही उरत नाही.

तुम्हीही लिहा. कुठला विनोदी सिनेमा बघून जीव कंटाळला, आणि कुठली जुनी अंतराळ मालिका अजून मनात आहे?

डिचोलीकर
जायंट रोबोट!!! घड्याळात बोललं की तो उडत यायचा. आमच्या वर्गात घड्याळ कुणाकडेच नव्हतं, मनगटावर पेनाने काढायचो. मास्तरांनी एकदा सगळ्यांचे हात पुसायला लावले होते.

सोलकढी
'झपाटलेला 2'. लिहितानासुद्धा वाईट वाटतं. 1993 चा पहिला भाग मला तोंडपाठ आहे. रामदास पाध्यांचा तो बाहुला, आणि लक्ष्या त्याला बघून जो काही घाबरायचा! त्याच्या घाबरण्यात खोट नव्हती म्हणून आपण हसायचो. 2013 मध्ये थ्रीडी आलं, तंत्र आलं, पण लक्ष्या 2004 लाच गेला होता. चष्मा लावून बसले होते थिएटरात, बाहुला अंगावर येत होता, आणि मी मात्र लक्ष्यालाच शोधत होते. मध्यंतरानंतर धाकट्याने विचारलं, आई घरी जायचं?

अबोली
@कुळागर विषय सोडून विचारते गे, तुमच्या नेवऱ्या डब्यात मऊ पडत नाहीत? आमच्याकडे या हवेत दुसऱ्या दिवशीच लोळतात.

कुळागर
@अबोली पूर्ण गार होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. आणि पिठात मोहन कडकडीत गरम. सविस्तर निरोपात लिहिते.

बेतीची फेरी
मी रोज फेरीतून जाता-येता मोबाईलवर जुन्या मालिका बघतो, त्यामुळे इथे बोलायचा थोडा हक्क आहे 😀

माझी तक्रार त्या मागून वाजणाऱ्या हशाबद्दल. अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्याचं यंत्रच बनवलं. बटण दाबलं की हवा तसा हशा, मंद, मोठा, एकट्या बाईचा. 'मॅश' ही युद्धातल्या डॉक्टरांची मालिका 1972 मध्ये सुरू झाली, तिच्यातही वाहिनीने हशा घालायला लावला. पण बनवणाऱ्यांनी एक अट टिकवली, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांना हशा नाही. ते प्रसंग बघा. तिथले विनोद जास्त लागतात, कारण हसायचं की नाही ते आपल्यावर सोडलेलं असतं.

आता आपल्याकडे यंत्राच्या जागी खुर्चीत पाहुणे बसवतात. वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते टाळ्या देतात. मग माझी बायको आवाज बंद करून बघते, म्हणते चेहरे चांगले करतात बिचारे.

आणि 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आठवा! प्रभावळकरांचा चिमणराव किती गंभीर माणूस आहे. त्याला स्वतःच्या फजितीत गंमत दिसतच नाही. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तर त्याहून गंभीर. कुळागरताई म्हणतात तेच.

डिचोलीकर
@बेतीची फेरी फेरीत रेंज मिळते? माझी मांडवीच्या मध्यावर जाते.

बेतीची फेरी
@डिचोलीकर आदल्या रात्री उतरवून ठेवतो.

तारवटी
बोटीवरचा अनुभव लिहितो. आमच्या वेळी बोटीवर कॅसेटची पेटी असायची, कुणी इंग्लंडच्या बंदरात विकत घेतलेल्या, कुणी मागे सोडून गेलेल्या. त्यात 'डॉक्टर हू' ही बीबीसीची अंतराळ मालिका सापडली. डॉक्टरच्या कामात टॉम बेकर, गुडघ्याखाली लोंबणारा मफलर. ही मालिका 1963 पासूनची. त्यातले शत्रू डॅलेक म्हणजे खाली लपवलेल्या चाकांवर सरकणारे डबे, आणि एका हाताच्या जागी मोरी तुंबली की वापरतात तो रबरी दट्ट्या. पहिल्यांदा सगळे हसले. पण दिवसभर इंजिनरूममध्ये काम करून आलेली ती माणसं नंतर त्याच दट्ट्यासमोर श्वास रोखून बसायची.

डॉक्टरचं निळं यान निघतं तेव्हा जो घरघर आवाज येतो, तो पियानोच्या तारांवर चावी घासून केलाय. हे कळल्यावर आमचा एक खलाशी दोन दिवस मेसमधल्या जुन्या गिटारवर चावी घासत होता, कप्तानाने बंद करायला लावलं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे बीबीसीने 1960 च्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेपा पुसून टाकल्या. जागा नाही, टेप महाग, पुन्हा कोण बघणार, असा विचार. आवाज मात्र टिकला, कारण लोकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. मला याचं फार वाटतं. संस्थेने टाकलं ते घरी बघणाऱ्या पोरांनी जपलं. आमच्याकडे कुणी दूरदर्शनचं असं भरून ठेवलंय का? कुणाच्या माळ्यावर कॅसेटी असतील तर पावसाळा संपला की ऊन दाखवा, बुरशी लागते.

म्हापसेकर
@तारवटी आमच्या कुवेतच्या मामाने आणलेला व्हीसीआर अजून आहे. कॅसेटीही आहेत पण बहुतेक लग्नाच्या.

आपल्या मालिका कोणीच कशा काढल्या नाहीत? 'स्पेस सिटी सिग्मा', कॅप्टन तारा! 'इंद्रधनुष' मध्ये मुलं संगणक जोडतात, त्यात गिरीश कर्नाड होते, आणि त्या पोरांत लहानगा करण जोहर. 1998 मध्ये मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम'. पुठ्ठा दिसायचा, मान्य. पण यान आपल्या माणसांचंही असू शकतं हे आम्ही भावंडांनी सिग्मात पाहिलं.

नारळीकर सर 2025 च्या मे महिन्यात गेले तेव्हापासून मनात आहे. 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली, नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. असा माणूस मराठीत लिहीत होता, आणि मराठी वाहिन्यांवर आज अंतराळाची एक मालिका नाही. सासू-सुनेच्या जरीकाठी साड्यांच्या खर्चात दोन यानं उभी राहतील.

अबोली
मला 'स्टार ट्रेक' मधली उहुरा. आई स्वयंपाकघरातून हात पुसत फक्त तिला बघायला यायची. सावळी बाई, कानात यंत्र, पुरुषांच्या मध्ये बसून काम करते, आणि कोणी तिला चहा आणायला सांगत नाही! ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतः त्यांना सोडू नका म्हटलं. हे आईला सांगितलं तर ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "बरें केलें ताणें."

सोलकढी
सगळे जुन्याची आरती ओवाळतायत, म्हणून 'स्टार ट्रेक' च्या 'स्पॉक्स ब्रेन' ची आठवण करून देते. 1968, तिसऱ्या हंगामाचा पहिलाच भाग. कोणीतरी कर्कच्या टोकदार कानांच्या सहकाऱ्याचा, स्पॉकचा मेंदू चोरतं आणि मॅककॉय बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटने चालवतो. याचा बचाव करा बघू.

कुळागर
@सोलकढी करते! स्पॉक झालेला लेनर्ड निमॉय त्यात रिमोटवर चालतो, पण एकदाही चेहऱ्यावर 'बघा मी काय करतोय' असं आणत नाही. कथा टाकाऊ आहे, मान्यच. काम टाकाऊ नाही. पैसे असूनही काम टाकाऊ, ते आम्ही चवथीला बघितलं.

सोलकढी
हे पटलं ❤️

म्हापसेकर
हसायचंच असेल तर तियात्राला, आपल्या कोंकणी नाटकाला जा. समोर हजार माणसं बसलेली, विनोद पडला तर तिथल्या तिथे कळतं. सिनेमावाल्यांना ते कळायला शुक्रवार उजाडतो.

डिचोलीकर
@तारवटी मुलगी आठवीत आहे, 'डॉक्टर हू' कुठून सुरू करू? जुनं की नवं?

तारवटी
@डिचोलीकर 2005 पासून नव्याने सुरू झालं, तिथून कर. आवडलं की टॉम बेकर दाखव, 1974 ते 81. काळ्या-पांढऱ्याकडे तिची ती जाईल, तू ढकलू नको. आणि डॅलेकचा दट्ट्या तिला आधी सांगू नको रे.