मदत हवी आहे: लोकलच्या गोंगाटात टॅबलेटचा आवाज ऐकू जाण्यासाठी काय करावं?

माझा नऊ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तो तोंडाने बोलत नाही, अँड्रॉइड टॅबलेटवर 'जेलो' वापरून बोलतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं हे मोफत ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. घरी उत्तम चालतं. अडचण बाहेर येते. ठाणे-दादर प्रवासात दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा आवाज पूर्ण वाढवून काही कळत नाही.

ब्लूटूथ स्पीकर लावून पाहिला. मध्ये थोडा वेळ शांतता गेली की तो झोपतो आणि जागा होताना पहिलं अक्षर गिळतो. 'नको'चं नुसतं 'को' बाहेर पडतं. मुलाचा सगळ्यात गरजेचा शब्दच असा अर्धा जातो, याचं फार वाईट वाटतं. आवाज वाढवणारं ॲप टाकलं, तर आवाज फाटतो.

चित्रांची छापील कार्डं सोबत असतातच, पण समोरच्याचं लक्ष वेधायला आवाज लागतो. गळ्यात अडकवलेलं त्याला सहन होत नाही. मोठ्या आवाजाचा त्यालाही त्रास होतो, म्हणून स्पीकरचं तोंड समोरच्याकडे हवं. टॅबलेटला हेडफोनची पिन बसते. बजेट दोन हजारांपर्यंत. स्पीच थेरपी चालू आहे, त्याबद्दल सल्ला नकोय.

कव्हरच्या मागे बसेल असा वायरचा, चार्जिंगवाला छोटा स्पीकर कुणी वापरलाय का? किंवा ब्लूटूथ स्पीकर झोपू नये यासाठी अँड्रॉइडवर काय करता येईल?