फर्मवेअर मावत नाही म्हणून लगेच बोर्ड बदलू नकोस

भावा, तू वर लिहिलायस की घरी जोडलेल्या कीबोर्डसाठी क्यूएमके (कीबोर्ड चालवणारं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर) कंपाईल होतंय पण शेवटी साईज जास्त झाली म्हणून एरर येतोय, तर प्रो मायक्रोवर (कीबोर्डच्या आत बसतो तो छोटा कंट्रोलर बोर्ड) हे व्हायचंच. त्याच्या चिपची फ्लॅश, म्हणजे साठवायची जागा, ३२ केबी, त्यातली ४ केबी बूटलोडर (नवीन फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) खातो, राहिली २८. आधी क्यूएमकेच्या रूल्स फाईलमध्ये एलटीओ (कोड आवळून लहान करणारा पर्याय) चालू कर, कन्सोल (चुका शोधायचे मेसेज) बंद कर, माऊस-की (कीबोर्डवरून माऊस हलवायची सोय) वापरत नसशील तर तीपण उडव, आणि आरजीबीचे (रंगीत दिव्यांचे) नाचणारे इफेक्ट काढ की, गणपतीचं डेकोरेशन करायचंय का! माझं एवढ्यावरच बसलं.

फ्लॅश करताना, म्हणजे ते फर्मवेअर चिपमध्ये टाकताना, मी लई वैतागलेलो. रिसेट बटण नव्हतं, मग सेफ्टी पिननं बोर्डावरचे आरएसटी (रिसेट) आणि ग्राउंड हे पॉइंट पटपट दोनदा टेकवायचं, बूटलोडर आठेक सेकंदच जागा असतो, तेवढ्यात कमांड सुटली पाहिजे. तीनदा हुकलं, चौथ्यांदा आईला एंटर दाबायला बसवलं तेव्हा जमलं 😄

मराठीसाठी युनिकोड मॅपच्या (कीबोर्डनंच थेट मराठी अक्षरं पाठवायची सोय) नादी लागू नकोस असं माझं मत, जागा पण खातं आणि विंडोज-लिनक्सला वेगवेगळं सेटिंग. इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा लेआउट) ऑपरेटिंग सिस्टीममध्येच ठेव, कीबोर्डवर फक्त भाषा बदलायची एक की.

आणि प्लेटचं (कीचे स्विच बसतात तो पत्रा) विचारलंवतंस ना, उद्यमनगरात (कारखान्यांचा भाग) दीड एमएम स्टीलची लेझर कटिंग करून घेतली मी, एका स्विचचं भोक १४ बाय १४ एमएमचं. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (कटिंग मशीनला चालणारी ड्रॉइंग फाईल) ने, नायतर तिथं उभं राहून समजवत बसशील.