ॲनफिल्डवरचे पाच गोल सुचवा, बाबांना ऐकवायचेत

बॉल_कोणाकडे
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, काचबिंदूमुळे वर्षभरात नजर फार गेली. टीव्हीवर हिरवं मैदान आणि काहीतरी हलतंय एवढंच कळतं त्यांना. पण लिव्हरपूलची मॅच सोडत नाहीत, खुर्ची टीव्हीला चिकटवून बसतात आणि दर मिनिटाला मला विचारतात, "बॉल कोणाकडे?" रविवारी वाढदिवस आहे, त्यांना पाच गोल लावून द्यायचेत. गोल ॲनफिल्डवरचाच, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरचाच हवा, सगळं मिळून पंधरा मिनिटांत बसायला हवं (त्यानंतर थकतात), आणि नुसतं ऐकून कळला पाहिजे. सुचवा.

कोपचा_वारकरी
यात विचारायचं काय! ७ मे २०१९, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, बार्सिलोना, ४-०. पहिली मॅच तिकडे ३-० हरून आलेलो, सालाह नाही, फिर्मिनो नाही, ओरिगीचा सातव्या मिनिटाला, मग वायनाल्डम हाफटाइमला सब (बदली खेळाडू) म्हणून येतो काय आणि ५४ आणि ५६ ला दोन मारतो काय, आणि ७९ ला तो ट्रेंटचा कॉर्नर. पाच गोल वगैरे सोडा, पूर्ण मॅच लावा.

रात्रपाळी
पंधरा मिनिटं म्हटलंय त्यांनी.

लाल_मफलर
इस्तंबूल २००५ च्या फायनलचे तीन गोल राहिले की. सहा मिनिटांत तीन, मिलानविरुद्ध. आणि ॲलिसनचा हेडर, आपल्या गोलकीपरने इंज्युरी टाइममध्ये मारलेला, त्याच्यासारखा गोल परत होणे नाही भावा.

रात्रपाळी
दोन्ही ॲनफिल्डवरचे नाहीत. ॲलिसनचा वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर, मे २०२१. आणि भावा नाही, ताई असाव्यात, आयडीखाली लिहिलंय बघा.

ऑफसाइडकाका
लुईस गार्सिया, चेल्सी, ३ मे २००५, चौथं मिनिट. सेमीफायनलचा एकच गोल आणि त्यावर फायनल गाठली. चेल्सीचा तेव्हाचा मॅनेजर मॉरिन्यो अजून म्हणतो की बॉल लाइनच्या आत गेलाच नव्हता.

मधली_फळी
नव्हताच गेला काका. गॅलासने बाहेर काढला.

ऑफसाइडकाका
गेला होता. आणि नसता दिला तरी रेफरी नंतर म्हणालाच की मग त्यांचा गोलकीपर चेक याला रेड कार्ड आणि आपल्याला पेनल्टी दिली असती. वीस वर्षं हेच ऐकतोय मी चेल्सीवाल्यांकडून.

मधली_फळी
मी चेल्सीवाला नाही, लिव्हरपूलवालाच आहे, पण डोळ्यांना जे दिसतं ते दिसतं.

बॉल_कोणाकडे
काका, दादा, बाबांना लाइन दिसणारच नाहीये. ऐकायला कसा आहे तो गोल?

ऑफसाइडकाका
कानाला एक नंबर. त्या रात्री आवाज पहिल्या मिनिटापासून शिगेला होता, गोलनंतर तर कॉमेंटेटरचंही नीट ऐकू येत नाही.

जिन्यातला
मी बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, पण ताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही. २ डिसेंबर २०१८ ला मी ॲनफिल्डवर होतो, एव्हर्टनविरुद्ध. एका एजंटकडून तिकीट घेतलं, दुप्पट पैसे मोजले, "मस्त व्ह्यू" म्हणाला होता, सीट निघाली अगदी मागची, छत एवढं खाली की बॉल उंच गेला की गायब. परत फोन केला तर उचलला नाही, तो राग अजून आहे. ०-० चाललेलं, शेवटची बस चुकेल म्हणून ९५ व्या मिनिटाला मी उठलो आणि जिन्यात आलो. आणि जिन्यातच ऐकू आलं. आधी एक "ओऽऽ", निराशेचा, कारण आपल्या व्हॅन डाइकचा शॉट चुकून वर आभाळात गेला होता. मग क्षणभर काहीच नाही. मग दुसरा "ओ", वेगळा, चढत जाणारा, कारण बॉल खाली येऊन एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्डच्या हातून बारवर आपटला. आणि मग जे झालं त्याला आवाज म्हणता येत नाही. हात रेलिंगवर होता, रेलिंग थरथरत होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, तेही लवकर निघालेले, त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "ओरिगी." न बघता. त्यांना कसं कळलं देवाला माहीत, पण ओरिगीच होता.
ताई, हा गोल लावाच. मी तो कानांनीच पाहिलाय.

रात्रपाळी
हे वाचून काटा आला.

कोपचा_वारकरी
एव्हर्टनचा छान आहे पण बार्सिलोना तो बार्सिलोना.

जिन्यातला
वारकरीदादा, बार्सिलोनाचा चौथा गोल ऐकण्यासाठी सगळ्यात अवघड आहे. ट्रेंट कॉर्नर सोडून निघाल्यासारखा करतो आणि गर्रकन वळून मारतो, बार्सिलोनाचे डिफेंडर पाठ करून उभे, स्टेडियममधल्या कितीतरी लोकांनाही कळलं नाही की कॉर्नर घेतला. नजरेचा गोल आहे तो. त्यापेक्षा वायनाल्डमचे दोन लावा, दोन मिनिटांत लागोपाठ, पहिल्याचा जल्लोष ओसरत नाही तोवर दुसरा.

मधली_फळी
जेरार्ड, ऑलिम्पियाकोस, ८ डिसेंबर २००४. हाफटाइमला रिवाल्डोच्या फ्री किकमुळे मागे, पुढे जायला तीन गोल हवेत. पोंगोलचा, मग ८१ ला मेलर, आणि ८६ ला मेलरने डोक्याने मागे दिलेला बॉल जेरार्डने धावत येऊन असा हाणला. मेलरच्या गोलपासूनच लावा, मधली पाच मिनिटं कापू नका, आवाज कसा चढतो ते त्यातच आहे.

लाल_मफलर
लव्हरेनचा डॉर्टमुंडविरुद्धचा, २०१६, ४-३. हा तरी ॲनफिल्डवरचा आहे.

कोपचा_वारकरी
बार्सिलोना.

जुना_रेडिओ
फेअरक्लॉ, सेंट एतिएन, १६ मार्च १९७७. सब म्हणून आला आणि ८४ व्या मिनिटाला ३-१ केलं. तेव्हाचं कोप (ॲनफिल्डवरचा गोलमागचा स्टँड) उभं राहून बघायचं, खुर्च्या १९९४ नंतर आल्या, आवाजाची जातच वेगळी होती. आणि जमलं तर मॅकडरमॉटचा, टॉटनहॅम ७-०, २ सप्टेंबर १९७८, सातवा गोल. तेव्हाचे मॅनेजर बॉब पेस्लींना ॲनफिल्डवरचा सर्वोत्तम वाटायचा तो.

जिन्यातला
फेअरक्लॉ शंभर टक्के. मॅकडरमॉट नको. तो पास-पासचा गोल आहे, निम्मी मजा धाव बघण्यात. आधीच ६-० आहे, त्यामुळे तणावही नाही.

मधली_फळी
+१, मॅकडरमॉट नको.

ऑफसाइडकाका
नकोच. गार्सिया घ्या.

कोपचा_वारकरी
मॅकडरमॉट ऐकून काही कळणार नाही ताई.

बॉल_कोणाकडे
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. रविवार झाला. ओरिगी (एव्हर्टनचा), जेरार्ड, फेअरक्लॉ तयार ठेवले होते, पण लावला फक्त मॅकडरमॉट. तुम्ही सगळे नको म्हणालात त्याचंच कारण. बाबांना आवाज रोज ऐकू येतो, त्यांना हवं असतं ते कोणीतरी बॉल कोणाकडे आहे हे सांगणं. मी आठवडाभर तो गोल पुन्हा पुन्हा पाहून पाठ केला आणि आवाज बंद करून बोलले. आपल्या बॉक्समध्ये मॅकडरमॉट. बॉल निघाला. तो पळतोय बाबा, अख्खं मैदान पळतोय. जॉन्सनकडे. जॉन्सनचा लांब पास, डावीकडे हायवे. थांबवलाही नाही, थेट क्रॉस. आणि तो पोचला, हेडर.
बाबा गप्प होते. मग म्हणाले, "तो कुठून निघाला होता म्हणालीस?" मी म्हटलं, आपल्या बॉक्समधून. "परत सांग. सावकाश."
चार वेळा सांगितला. बाकीचे तीन पुढच्या रविवारी, जिन्यातला, तुमचा पहिला.

जिन्यातला
त्यांना सांगा, व्हॅन डाइकचा शॉट वर जातो तिथे थांबा. तिथे थोडं थांबायचं.