व्हायोलिन सोडा, डोळे मोजा
वरच्या पोस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या गॅरेजमध्ये सापडलेला तपकिरी कोळी पाठीवरच्या व्हायोलिनसारख्या खुणेमुळे 'ब्राऊन रेक्लूज' हा विषारी कोळी ठरवलाय, ते पटत नाही. तशी खूण निरुपद्रवी कोळ्यांवरही दिसते. डोळे बघा: रेक्लूजला सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्या, बहुतेक कोळ्यांना आठ. भिंगातून फोटो काढा, नाहीतर दिसायचे नाहीत. पायांवर पट्टे किंवा जाड काटे असतील तर तो रेक्लूज नव्हेच. रेक्लूजचा अमेरिकेतला मुलूख नेब्रास्का-ओहायोपासून खाली टेक्सास-जॉर्जियापर्यंत; कॅलिफोर्निया त्याच्या बाहेर, कॅन्सस आत. कॅन्ससवाल्यांनी मात्र पुठ्ठ्याची खोकी हलवताना हातमोजे घालावेत आणि चिकट सापळे भिंतीला टेकवून ठेवावेत. खोलीच्या मधोमध ठेवलेले वाया जातात, कारण तो कडेकडेने फिरतो. तुमच्याकडे कॅलिफोर्नियात खरी काळजी ब्लॅक विडो या विषारी कोळ्याची: चकचकीत काळी मादी, पोटाखाली लाल डमरू.