मदत हवी आहे: टेकडीवरचं जंगली यीस्ट, क्लोन (नुसती बिनसेक्सची नक्कल) आहे की सेल्फिंग (घरातल्या घरात सेक्स)?

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या झाडांची साल खरवडून थोडं अल्कोहोल घातलेल्या ब्रॉथमध्ये यीस्ट वाढवलंय, आयटीएस (जात ओळखायचा डीएनएचा तुकडा) सिक्वेन्सिंगला सॅकरोमायसिस सेरेव्हिसी आलं, म्हणजे आपलं पाववाल्याचंच, पण रानातलं. आता मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले बदलते मार्कर) केले तर एका झाडावरचे जवळपास सगळे आयसोलेट (वेगळे काढून वाढवलेले नमुने) सारखे आणि हेटरोझायगस (दोन प्रती वेगळ्या असलेली जागा) जवळजवळ काहीच नाही. सर म्हणतात क्लोनल लिही आणि पुढे जा. मला नाही पटत, कारण पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या प्लेटवर हेच यीस्ट मस्त स्पोर धरतंय, ऑइल इमर्शनखाली पिशवीत चार-चार गोल दाणे दिसतात, मग मायोसिस (सेक्ससाठी लागणारं पेशीविभाजन) होतंय ना!

याच्याच नात्यातल्या सॅकरोमायसिस पॅराडॉक्सस या जंगली जातीवर २००८ चा पेपर आहे, त्यात अंदाज असा की साधारण १००० अलैंगिक पिढ्यांमागे एकदा सेक्स, आणि त्यातही बहुतेक जोड्या एकाच पिशवीतल्या स्पोरांच्या, बाहेरच्याशी जेमतेम १%. म्हणजे सेक्स होऊनही सगळं घरातल्या घरात! मग मोजक्या मार्करवर क्लोन आणि सेल्फिंग वेगळं कसं दाखवायचं?

उत्तर: सरांना एवढंच विचार, की निव्वळ बडिंगवर (कळी फुटून, सेक्सशिवाय) इतका काळ चाललं असतं तर हेटरोझायगस जागा साचायला नकोत का? थोड्या पुसल्या जातात, मान्य, पण सगळीकडे शून्य म्हणजे मला तरी सेल्फिंगच वाटतं. आधी मेटिंग टाइप (यीस्टचं नर-मादीसारखं लिंग) बदलणारा एचओ जीन चालू आहे का बघ. पिशवी एन्झाइमने विरघळव, सुटा एकच स्पोर (त्यात जीनोमची एकच प्रत असते) वाढव, त्याची कॉलनी परत अ‍ॅसिटेटवर टाक. पुन्हा चार दाणे आले तर आई-पेशीने मेटिंग टाइप बदलून लेकीशीच जमवलंय, आणि मेटिंग टाइपची जागा सोडली तर सगळा जीनोम एका फटक्यात होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या). लिंकेज टेस्टच्या (मार्कर एकमेकांशी बांधलेले आहेत का हे बघायच्या) आधी सारखे जीनोटाइप एकेकदाच मोज, आणि सगळी झाडं सरसकट एकत्र करू नकोस, गट मिसळले की खोटं लिंकेज दिसतं.

धागाकर्ती: थँक्यू दादा! एन्झाइम लॅबमध्ये नाहीये, ईथर चालेल का?

उत्तर: ईथरने साध्या पेशी मरतात, स्पोर टिकतात, पण पिशवी फुटत नाही, चारही एकत्रच उगवतील. फळमाशीच्या पोटात मात्र ती पिशवी विरघळते आणि स्पोर सुटून परक्याशी जुळायची संधी वाढते, त्यामुळे सालीसोबत माश्यांचंही सॅम्पल घेता आलं तर घेच. एन्झाइम शेजारच्या लॅबकडे माग, चिमूटभर पुरतं.