नौकेच्या भाड्यात बेटांचे शुल्क धरलेले नसते
कॅरिबियन बेटांवर फिरण्यासाठी नौका भाड्याने घेतली की सीमाशुल्क आणि इमिग्रेशनचा खर्च त्या भाड्यातच येतो, असे काही जण म्हणतात. परंतु मार्टिनिकहून सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट करत ग्रेनाडापर्यंत जायचे असल्यास सहसा तसे नसते, कारण प्रत्येक देशात आगमनाची आणि निर्गमनाची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. मार्टिनिकमध्ये संगणकावर स्वतःच अर्ज भरून काही युरोंत काम भागते. सेंट व्हिन्सेंटमध्ये मात्र माणशी शुल्काखेरीज भाड्याच्या नौकेला लांबीनुसार वेगळा आकार पडतो, आणि रविवारी किंवा कचेरीच्या वेळेनंतर पोहोचल्यास ओव्हरटाइमही द्यावा लागतो. रविवारी सीमा न ओलांडणे हीच माझ्या मते खरी बचत. पूर्व कॅरिबियन डॉलर रोख जवळ ठेवावेत (एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून स्थिर आहे). नोंद होईपर्यंत पिवळा ध्वज लावून फक्त कप्तानाने सर्वांचे पासपोर्ट घेऊन किनाऱ्यावर उतरावे.