पुरात तळमजल्याचं स्वयंपाकघर बुडालं तर चार दिवस काय खायचं? (नागपूर) सल्ला हवा

तळमजल्यावरची
नमस्कार मंडळी. आम्ही मार्चमध्ये वर्ध्याहून नागपूरला राहायला आलो. घर भाड्याचं, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. घरमालकीण काकूंनी सांगितलं की २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी ओट्यापर्यंत आलं होतं. घरात आम्ही दोघं, दीड वर्षाची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे.

सामान कसं उचलावं, मीटर, वायरिंग, विमा, यावर भरपूर वाचायला मिळालं. खाण्याबद्दल मात्र सगळीकडे "कोरडा खाऊ जवळ ठेवा" एवढंच. कोरडा म्हणजे नेमका कोणता? किती दिवसांचा? पाण्याचं काय? दुकानं उघडी असतात का? ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी कृपया सांगा, पाऊस लागायच्या आत तयारी करायची आहे.

नागनदीकाठ
ताई, मी त्याच पट्ट्यात राहतो, तेव्हाही इथेच होतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. त्या दिवशी नागपूरचं धान्य संपलं नव्हतं. आमच्या गल्लीत तर घरोघरी डबे काठोकाठ भरलेले होते, कारण आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं (गौरींचं) जेवण झालेलं. कणिक, बेसन, रवा, साखर, तेलाचा पिपा, सगळं होतं. पण जड डबे आपण खालच्या कप्प्यात ठेवतो. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला, आणि उजाडेपर्यंत ते डबे पाण्याखाली होते. म्हणजे अन्न घरातच होतं आणि खाता येत नव्हतं. वीज सुरक्षेसाठी बंद केलेली, म्हणजे इंडक्शन गेलं. सिलिंडर पाण्यात आडवा तरंगत होता. नळाच्या पाण्याचा भरवसा नाही. शहरात पूर आला की पहिले दोन-तीन दिवस टंचाई असते ती शिजवायच्या साधनाची आणि प्यायच्या पाण्याची. त्यामुळे तयारी धान्याची करू नका, न शिजवता खाता येईल अशा अन्नाची करा.

आमच्या घरी आता जूनपासून दिवाळीपर्यंत सज्ज्यावर दोन झाकणबंद बादल्या असतात. पातळ पोहे, मुर्रा (मुरमुरे), फुटाणे, फल्लीदाणे (शेंगदाणे), गूळ, सातूचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू, जवसाची चटणी, लोणच्याची लहान बरणी, बिस्किटं, तेलाची अर्ध्या लिटरची बाटली, तिखट-मीठ. एवढ्यात कच्चा चिवडा होतो, त्याला विस्तव लागत नाही. कांदा असला तर उत्तमच, तो टोपलीत वर टांगून ठेवा. सातू गूळ आणि पाणी घालून कालवला की पोट भरतं, म्हाताऱ्या माणसांना चावायचाही त्रास नाही. मुंगवड्या, खारोड्या, कुरड्या हे वाळवण मी मुद्दाम या बादलीत ठेवत नाही. ते टिकतं खरं, पण शिजवल्याशिवाय किंवा तळल्याशिवाय खाता येत नाही. ते पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यासाठी, जेव्हा गॅस असतो आणि भाजी महाग असते.

पाण्याचं सांगतो, कारण इथे लोक फसतात. माणशी दिवसाला तीन ते चार लिटर, फक्त पिण्याला आणि खाण्याला. तुम्हा चौघांना तीन दिवसांचं छत्तीस ते अठ्ठेचाळीस लिटर होतं. वीस-वीस लिटरच्या दोन कॅन आणि काही बाटल्या आधीच भरून उंचावर ठेवा. आणि हे फार महत्त्वाचं: अंगणातलं जमिनीखालचं टाकं पुरात बुडतं, त्यात गटाराचं पाणी शिरतं. अशा वेळी कुणी मोटर चालवली की तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि पूर्ण इमारतीचं चांगलं पाणी नासतं. पाऊस वाढला की गच्चीची टाकी भरून घ्या, मग मोटरचं बटण बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. वरच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांशी हे आजच बोलून ठेवा.

धरमपेठची माई
नागनदीकाठ यांनी लिहिलं त्यात भर घालते.

पुराचं पाणी लागलेलं गहू, तांदूळ, डाळ काहीही असो, धुऊन वाळवून वापरायचा मोह करू नका. त्या पाण्यात मैला असतो. फल्लीदाणे आणि मका ओले झाले की बुरशी धरतात, आणि त्या बुरशीचं विष भाजून-शिजवूनही जात नाही. प्लास्टिकचे फिरकीच्या झाकणाचे डबे पाण्याखाली गेले तर आत पाणी शिरलेलं दिसलं नाही तरी ते अन्न टाकावं. शाबूत, न फुगलेला पत्र्याचा सीलबंद डबा तेवढा चालतो. त्याचा कागद काढून, साबणाने धुऊन, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून मगच उघडायचा.

वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही. बंद ठेवला तर आतलं साधारण चार तास चांगलं राहतं. त्यानंतर दूध, दही, उरलेली भाजी, मळलेली कणिक यांच्यावर भरवसा ठेवू नका. पाऊस पडून गेल्यावर इथे जी कुबट उष्णता असते तिच्यात शिजलेला भात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आणि टाकून देण्याआधी फोटो काढा. डबे, पोती, फ्रिज, भिंतीवरची पाण्याची खूण, सगळ्याचे. २०२३ मध्ये सरकारने नुकसान झालेल्या कुटुंबांना दहा हजार रुपये जाहीर केले होते, त्यासाठी पंचनामे झाले. दुर्गंधी येते म्हणून काही घरांनी सगळं आधीच फेकून दिलं, मग दाखवायला काही उरलं नाही.

तळमजल्यावरची
माई, दादा, खूप खूप आभार. मोटरचं मला कधीच सुचलं नसतं. आजच वरच्या काकांशी बोलले.

सासूबाईंबद्दल कुणी सांगू शकेल का? गूळ, लाडू, बिस्किटं त्यांना चालणार नाहीत. इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. आणि मुलगी वरचं दूध पिते.

रात्रपाळी
मी नर्स आहे, मेडिकल चौकाजवळ काम करते. तुमच्या सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारूनच पुढचं करा, पण विचारायचं काय ते सांगते.

पहिला प्रश्न: जेवण चुकलं किंवा अर्धंच झालं तर डोस किती घ्यायचा? हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत औषधांसोबत ठेवा. पुराच्या दिवसांत मधुमेही माणसाला जास्त धोका साखर वाढण्याचा वाटतो, पण नेहमीचा डोस घेतला आणि पोटात काही गेलं नाही तर साखर एकदम खाली येते, आणि ते काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. घाम, थरथर, बोलणं तुटक होणं दिसलं की लगेच साखर द्यायची. म्हणून गूळ-साखर बादलीत हवीच, त्यांच्यासाठीसुद्धा. रोजच्या खाण्याला फुटाणे, फल्लीदाणे, भाजलेल्या सोयाबीनचे दाणे, ज्वारीच्या लाह्या. लाह्या हलक्या असतात, त्यासोबत दाणे घेतले तर पोटाला आधार राहतो.

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन बहुतेक वेळा तीस अंशांच्या आत सुमारे चार आठवडे बाहेर चालतं. तुमच्या औषधाच्या पाकिटावर नेमकं लिहिलेलं असतं, ते वाचा. फ्रिज बंद पडला तर इन्सुलिन कोरड्या घट्ट डब्यात घालून डबा माठात ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलं की ते निकामी होतं.

मुलीसाठी टिकाऊ दुधाची लहान पाकिटं घ्या, मोठी नको. फ्रिज नसताना उघडलेलं पाकीट पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही. अंगावरचं अजून चालू असेल तर बिलकूल बंद करू नका, पुरात त्याच्याइतकं सुरक्षित काही नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा, बाटलीचं बूच धुवायला तेवढं स्वच्छ पाणी मिळत नाही.

पाणी: तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी फडक्याने गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. विस्तव नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावरच्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबून प्या. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. ओआरएसची चार-सहा पाकिटं घरात असली तर ही वेळच येत नाही.

मिहान१२
एवढं सगळं साठवायची खरंच गरज आहे का? दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप आहेत, चार किलोमीटरवर कोरडा भाग आहे. मागवून घेता येईल.

नागनदीकाठ
दादा, तुमचं म्हणणं बाकी शहरासाठी बरोबर आहे. त्याच दुपारी काही किलोमीटर पलीकडे डेली नीड्सची (किराणा-दुधाची) दुकानं उघडी होती, चौकात तर्री-पोहे मिळत होते. पण आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, तिथे दुचाकी येणार कशी? मोबाईलची बॅटरी सकाळीच संपत आली. जवळ नोटा नाहीत आणि यूपीआयला नेटवर्क नाही, असे कितीतरी जण होते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून हजार-दीड हजार रुपये त्या बादलीतच ठेवा.

सांगलीची लेक
मी माहेरची सांगलीची, सासर नागपूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पूर आला तेव्हा मी माहेरी होते. तिथला अनुभव वेगळा, म्हणून लिहिते.

इथे पाणी आलं आणि फार लवकर उतरलं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी उतरता उतरत नव्हतं. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला, ट्रकांच्या रांगा दोन्ही बाजूंना. त्यामुळे ज्यांच्या घरात थेंबही शिरला नव्हता त्यांनाही दूध, भाजी, पेट्रोल, सिलिंडर मिळेना. घरात गहू होते पण गिरणी बंद, म्हणून पोळी नाही. तेव्हापासून मी दळलेली कणिक कायम आठवडाभराची जास्त ठेवते, आणि वरण-भाताच्या डाळ-तांदळाची एक वेगळी पिशवी. आईने त्या दिवसांत रोज डाळ रात्री भिजत घातली, गॅस निम्म्याने वाचला.

नागपूरला चारही दिशांनी मोठे रस्ते आहेत, शहर एवढे दिवस तुटेल असं मला वाटत नाही. तरी कन्हान नदीला पूर आला की पाणी गढूळ होऊन पुरवठ्यावर परिणाम होतो, हे आपण पाहतोच. म्हणून मी तरी अन्नापेक्षा पाण्यावर जास्त जोर देईन.

आणि कुणी दुधाची पिशवी छापील किमतीपेक्षा जास्त पैशांना विकत असेल तर ते बेकायदेशीर आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मंडळाचा कार्यकर्ता
आमच्या गणेश मंडळाने तेव्हा दोन दिवस स्वयंपाक केला. आमच्याकडे मोठे गंज (पातेली) होते, शेगड्या होत्या, उत्सव चालू होता म्हणून आचारीही होता. देणाऱ्यांच्या बाजूने काही सांगतो.

मोठ्या रस्त्यावर पुरी-भाजीची इतकी पाकिटं आली की माणसं नको म्हणून राहिली होती, आणि आतल्या झोपडपट्टीत संध्याकाळपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. तिथे घरं तर गेलीच, रोजीही गेली होती. म्हणून आधी एक मुलगा सायकलवर पाठवा, कुठल्या गल्लीत किती माणसं आहेत, किती लेकरं आहेत ते विचारून येऊ द्या, मग चूल पेटवा. डाळ-भात, खिचडी गरम असतानाच, तिथल्या तिथे वाढा. पाकिटात बांधून तासन्‌तास फिरवली तर आंबते आणि लोक आजारी पडतात. दूर न्यायचं असेल तर पोळी, कोरडी चटणी, गूळ. लोक सगळ्यात जास्त मागत होते पिण्याचं पाणी, मेणबत्त्या आणि लहान मुलांचं दूध.

ज्यांचं रेशन दुकानच बुडालं त्यांना हे सांगा: रेशन कार्डावरचं धान्य दुसऱ्या वस्तीतल्या रास्त भाव दुकानातूनही घेता येतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या कितीतरी बायांना हे माहीत नव्हतं, दुकान उघडायची वाट पाहून राहिल्या होत्या.

ताई, तुमच्या गल्लीच्या मंडळाचा नंबर आताच घेऊन ठेवा, आणि घरी इन्सुलिनवाल्या आजी आणि लहान बाळ आहे हे त्यांना सांगून ठेवा. बोटी आल्या तेव्हा कुणाला आधी काढायचं, हे गल्लीतल्या माणसांनीच जवानांना सांगितलं होतं. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, नाहीतर ११२.

तळमजल्यावरची
वाचताना डोळे भरून आले. काल दोन झाकणाच्या बादल्या आणल्या. एकच शंका राहिली: पाणी चढायला लागलं तर सिलिंडरचं काय करायचं? आणि पाणी उतरल्यावर लगेच शेगडी पेटवली तर चालतं का?

नागनदीकाठ
पाणी घरात शिरायच्या आधी बर्नर बंद, रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि दोघांनी मिळून जिन्यावर वर नेऊन उभा ठेवा, मोकळ्या हवेत. आडवा ठेवायचा नाही. नेता आला नाही तर निदान टोपी लावून खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, म्हणजे तरंगून आपटणार नाही. पाण्यात गेलेला रेग्युलेटर आणि नळी पुन्हा जोडू नका, एजन्सीच्या माणसाला दाखवा, नळी बदलाच. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. कोळशाची शेगडी आणली तर ती गच्चीवर किंवा अंगणातच पेटवा. बंद खोलीत तिचा वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपेत माणसं जातात.

घरमालकीण काकूंचा वरचा मजला असेल तर तुमची एक बादली आताच त्यांच्याकडे ठेवून द्या.